गौरीच्या जेवणाला आलेला पावणो

गौर घरात आली त्याच संध्याकाळी आमच्या काळाचौकीच्या चाळीत गुरुदत्त भावोजी आले. खरं तर आधी त्यांचा कुत्रा आला आणि त्याच्या पट्ट्याला लटकत मागून भावोजी आले. दारापासून देवापर्यंत मी कंबर मोडून गौरीची पावलं काढली होती. कुत्रा त्यांच्यावरून घसरत आत शिरला, रांगोळीने भरलेले पंजे माझ्या नव्या साडीवर ठेवून उभा राहिला आणि त्याने माझं तोंड चाटलं.

"मफिन, बेटा, नो," भावोजी म्हणाले. इतक्या मायेने म्हणाले की बेट्याला ते शाबासकीसारखं वाटलं. त्याने मला पुन्हा चाटलं.

गुरुदत्त भावोजी हे माझ्या नवऱ्याचे, जयवंतचे मित्र. दोघं जन्मभर एकाच बँकेत शेजारशेजारच्या टेबलांवर बसले आणि एकदमच रिटायर झाले. भावोजी गिरगावचे, पिढीजात वकिलांच्या घरातले. बोलणं छापील, वागणं इस्त्री केलेलं. दरवर्षी ते गौरीच्या मटणाला आमच्याकडे हजर असतात. यंदा मुक्कामालाच आले, कारण त्यांच्या बाथरूमची फरशी उखडून मिस्त्री गणपतीला गावी पळाला होता. कुत्रा त्यांच्या मुलीचा, ऋग्वेदाचा. ती शिकायला जर्मनीला गेली आणि जाताना हे लॅब्रॅडॉर जातीचं धूड बापाच्या गळ्यात बांधून गेली. मफिन हे नाव तिनेच ठेवलेलं. नाव बशीत मावेल एवढं, कुत्रा आमच्या मोरीत मावेना.

"वहिनी, तुम्हाला त्रास तर नाही ना?" भावोजींनी विचारलं.

"छे छे, त्रास कसला!" हे जयवंत म्हणाला. जयवंतला कुणाला नाही म्हणता येत नाही. घरात नाही म्हणायचं खातं माझ्याकडे आहे. मी पोस्टात काउंटरवर बसते, त्यामुळे सवयही आहे. पण सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला काय म्हणणार? मी साडी झटकली आणि चहा टाकला.

चहाला उकळी फुटेपर्यंत मफिनने जयवंतची डावी चप्पल खाल्ली. मग मोरीत जाऊन कपड्यांचा साबण खाल्ला आणि फेस गाळत बाहेर आला. आमचा मुलगा स्वप्नील त्याला आवरायला गेला, तर तो गॅलरीत पळाला आणि शेजारच्या हितेंद्रची दोरीवर वाळत घातलेली बनियन घेऊन आला. त्यानंतर देवापुढची अगरबत्ती विझली, कारण तो तीही खाऊन बघत होता. प्रत्येक वेळी भावोजी म्हणायचे, "बेटा, आपण असं करतो का?" बेटा असंच करत होता, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

"ह्यो कोण पावणो?" कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला. माझी सासू, गंगुबाई. पंच्याऐंशीच्या पुढे गेली तरी पाठीचा कणा अजून सरळ. सगळी चाळ तिला वचकून असते. तिने मफिनकडे बघितलं, मफिनने तिच्याकडे बघितलं. मग तो चक्क खाली बसला. भावोजींना गहिवरून आलं.

इथे मला मटणाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं.

आम्ही मालवणकडचे. आमच्या घरी गौर आली की दुसऱ्या दिवशी तिला तिखटाचा नैवेद्य असतो, म्हणजे मटण आणि वडे. माहेरवाशीण आहे, तिला काय गोडावर ठेवायचं? बाजूला बसलेले गणपती मात्र शाकाहारी. म्हणून दोघांच्या मध्ये पडदा लावायचा, गौरीपुढे ताट ठेवायचं आणि सगळ्यांनी गॅलरीत जाऊन पाठ फिरवून उभं राहायचं. देवी जेवत असताना तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. हा नैवेद्य आमच्या घरात एकच बाई करते, सासू. नारळाच्या करवंटीची एक जुनी दवली आहे, तिनेच ते मटण ढवळायचं, आणि त्या दवलीला माझा हात लागलेला सासूला चालत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी कांदे चिरते, खोबरं किसते आणि बाजूला होते.

एके काळी त्याचं काही वाटत नव्हतं. काय मटण असायचं ते! गिरगावचा माणूस टाय सोडून बोटं चाटायचा. नैवेद्य चाखायचा नसतो, देवाच्या आधी माणसाने तोंड लावायचं नसतं. सासू नुसत्या वासावर करायची. टोपावर वाकायची, एकदा नाक ओढायची आणि सांगायची, "मीठ कमी हा." ते कमीच असायचं.

मग करोना आला. सासू त्यातून उठली, पण तिचं नाक उठलं नाही. ती हे कुणाला बोलली नाही. मला कळलं, कारण एक दिवस तिच्या पुढ्यात दूध करपून काळं झालं आणि ती शांतपणे लसूण सोलत बसली होती. त्या वर्षी गौरीच्या मटणाचं खोबरं जळलेलं होतं आणि मीठ दोनदा पडलेलं होतं. पहिला घास तोंडात गेला आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायचं टाळायला लागलो. जयवंत म्हणाला, "वा!" स्वप्नीलने सोलकढीचा अख्खा पेला घशात ओतला. आणि भावोजी, संस्कारी माणूस, त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

तेव्हापासून दरवर्षी हेच. भावोजी दोनदा मागून घेतात, सासू तृप्त होते आणि पुढच्या वर्षी आणखी जोमाने मीठ घालते. पोस्टात मी नगरसेवकाच्या माणसाला रांगेच्या शेवटी उभं केलं आहे. पण सासूला "मटण बिघडलं" म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. मला ती दवली हवी होती. वर्षातून एकदा गौर जेवायला येते, तिला आम्ही काय वाढतोय याची मला लाज वाटत होती. आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःलाही वर्षातून एकदा ते मटण खायचं होतं.

त्या संध्याकाळी सासूने वड्याचं पीठ कसं झालंय बघायला एक वडा तळला. नैवेद्याचं पीठ नंतर वेगळं काढायचं होतं, त्यामुळे तो कुणी खाल्ला तरी चालणार होतं.

"पावण्याक घालतंय," ती म्हणाली आणि वडा मफिनपुढे धरला.

मफिनने वडा हुंगला. तोंडात घेतला. क्षणभर तसाच धरला. मग अगदी अलगद, भावोजींनीही ठेवला नसता इतक्या अदबीने, सासूच्या पायाजवळ ठेवून दिला. आणि मागे सरकून उरलेली चप्पल चघळायला लागला.

"पोट भरलं असेल त्याचं," जयवंत घाईने म्हणाला. "त्याला तळलेलं मानवत नाही," भावोजी म्हणाले. "आज्जी, तो येडा आहे," स्वप्नील म्हणाला. सासूने वडा उचलला, मफिनचं तोंड लागलेलं कडेचं टोक मोडून टाकलं आणि उरलेला आपण खाल्ला. बराच वेळ चावत राहिली. अंधारात हाताने काही चाचपावं तसं ती तोंडात काहीतरी शोधत होती. मग खाटेवर जाऊन आडवी झाली.

मला वाटलं, सकाळी ती दवली माझ्या हातात देईल. कसलं काय! सकाळी अंघोळ करून ती माझ्या आधी शेगडीजवळ हजर. स्वप्नीलने लालबागहून मटण आणलं. त्यातलं निम्मं रात्रीच्या सुक्यासाठी फ्रीजमध्ये ठेवलं. मी कांदे चिरले, खोबरं किसलं. ते कढईत करपायला लागलं तेव्हा म्हणाले, "आई, गॅस बारीक करू?"

"माका शिकव नको गो," सासू म्हणाली. खोबरं काळं झालं आणि मी बाजूला झाले.

दुपारी पडदा लावला. माझ्या जुन्या साडीचाच पडदा, एका बाजूला गणपती मोदकांसकट, दुसऱ्या बाजूला गौर. सासूने ताट मांडलं. मटण, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात. हात जोडून गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही सगळे गॅलरीत येऊन पाठ करून उभे राहिलो. मफिनला भावोजींनी आधीच बाहेर कठड्याला बांधून ठेवलं होतं.

"पट्टा इथेच आहे," स्वप्नील हळूच म्हणाला. "पण पट्ट्यात कुत्रा नाय."

आम्ही खाली बघितलं. पट्टा होता. गळ्याचं बक्कल चघळून चपटं झालं होतं. दार लोटलेलं होतं, आता अर्धं उघडं होतं. आणि आतून आवाज येत होता. चप्, चप्, चप्.

"अरे देवा," भावोजी म्हणाले आणि वळले. सासूने हात आडवा केला.

"देवी जेवता हा. कोणी आत जावचा नाय."

"आई, पण मफिन—"

"नाय म्हटलंय ना!"

आणि आम्ही उभे राहिलो. आतमध्ये गौरीच्या घरात चपाचप चालू आणि बाहेर पाच शहाणी माणसं रस्त्यावरच्या टॅक्स्या बघत उभी. जयवंत डोळे मिटून पुटपुटत होता. भावोजींचा चेहरा मृत्युपत्र वाचल्यासारखा झाला होता. आत एकदा काहीतरी फाटलं. मग ढेकर ऐकू आली. मला, देवाची शपथ, हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. मनात म्हटलं, खा बाबा, सगळं खा, एक कण ठेवू नकोस, म्हणजे आज आम्हाला ते खावं लागणार नाही.

शेवटी सासूने मान हलवली आणि आम्ही आत घुसलो.

पडदा मधोमध फाटला होता. मफिनचं मागचं अर्धं अंग गौरीकडे, पुढचं गणपतीकडे. मोदकांचं ताट लख्ख होतं. केळी सालीसकट गेली होती. नारळाची शेंडी, विड्याची पानं, केवड्याचं अर्धं कणीस, सगळं गेलं होतं. बाप्पाला आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या भोकातून मटण दिसत होतं.

आणि गौरीपुढचं ताट जसंच्या तसं. मटण, वडे, सांबारं, भाताची मूदसुद्धा मोडलेली नव्हती. ताट त्याच्या शेपटीजवळ होतं. तो वळून ताटाकडे गेला, हुंगलं, मान वळवली आणि लांब जाऊन बसला.

"चमत्कार!" दारातून हितेंद्र ओरडला. त्याला बनियन परत हवी होती म्हणून तो आला होता, पण आता बनियन विसरला. "अरे, कुत्र्याने गौरीच्या ताटाला तोंड नाय लावलं! देवीचं मटण, आणि कुत्रा! राखत बसला होता तो!"

जयवंतने डोळे उघडले आणि चमत्कार हा शब्द दोन्ही हातांनी धरला. भावोजींची छाती फुगली. "मी म्हणत होतो ना, मूळचे संस्कार चांगले आहेत त्याचे," ते म्हणाले. गॅलरीत माणसं जमली. कुणी मफिनला कुंकू लावलं, ते त्याने जिभेने नाकापर्यंत पसरवलं. एका बाईने त्याच्या पाया पडताना पर्स खाली ठेवली, तर पर्सची चेन मफिनने चघळून टाकली. हितेंद्र मोबाईल वर धरून सांगत होता, "हा बघा, काळाचौकीचा भक्त श्वान, उपाशी राहिला पण नैवेद्याला शिवला नाय." भक्त श्वानाच्या पोटात बाप्पाचे सगळे मोदक होते, पण ते बोलायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं.

सासू मात्र गर्दीत नव्हती. ती गौरीपुढे मांडी घालून बसली होती आणि ताटाकडे बघत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"काल साबण खाल्ल्यान," ती हळू म्हणाली. "चप्पल खाल्ल्यान. अगरबत्ती खाल्ल्यान."

मी ताटावरची माशी हाकलली.

"गो बेबी, खरां सांग. मटाण कसा असता माझा?"

मला बेबी म्हणणाऱ्या दोघीच, ती आणि माझी आई. आई गेली. वर्षानुवर्षं याच प्रश्नाची वाट बघत होते आणि आता तो आला तर मला पळून जावंसं वाटलं. मागे जयवंत माझ्याकडे डोळे वटारत होता. 'वा' म्हण, असं ते डोळे सांगत होते.

"खारट असतं, आई," मी म्हणाले. "आणि जळकं. तुमच्या आजारपणापासून."

जयवंतने भिंतीला टेकून घेतलं. सासूने पदराने ताटाची कड पुसली, आणि मला माझीच जीभ उपटून फेकावीशी वाटली.

"नाक गेला माझा," ती म्हणाली. "कशाचोच वास येणा नाय. चव पण नाय. मी म्हटलंय हाताक सवय हा, हात चुकूचो नाय." मग तिचा आवाज चढला. "मगे तुम्ही कोण बोलूक नाय ता? सगळे 'वा, वा' करीत खाल्लास?"

"तुम्हाला कोण बोलणार, आई?"

तिने मान वळवली. दारात भावोजी लोकांना मफिनचं वंशवृत्त सांगत होते.

"ए गुरुदत्ता! हय ये."

भावोजी आले.

"तू दरवर्सा दोनदा मागून घेतस."

"हो, म्हणजे... आई, तुमच्या हाताला जी चव..."

"खोटा बोला नको देवीसमोर. तुझ्यापेक्षा तुझो कुत्रो बरो."

भावोजींचा चेहरा लाल झाला. बँकेत ऑडिटर आला तरी न घाबरलेला माणूस खाली बघून चटईच्या काड्या मोजायला लागला. "मला तुमचं मन मोडायचं नव्हतं," ते पुटपुटले. छापील नव्हतं ते बोलणं, आणि पहिल्यांदा मला ते आवडले.

सासू उठली. गौरीपुढचं ताट तिने स्वतः उचललं, देवीला नमस्कार केला आणि म्हणाली, "थांब गो माये, जरा वेळ लागतलो. उपाशी धाडूचंय नाय तुका." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने फ्रीजमधलं मटण बाहेर काढलं. कोनाड्यातली दवली घेतली. धुतली. माझ्यापुढे धरली.

"घे."

मी हात पुढे केला, पण तिने लगेच सोडली नाही. एक क्षण आम्ही दोघी ती धरून उभ्या होतो. मग तिने सोडली. इतकी वर्षं वाट बघितलेली ती दवली हातात आली आणि आनंद व्हायचा तो झालाच नाही. मला नुसतं रडू आलं. मी कांद्याच्या नावावर रडून घेतलं.

ती पाटावर बसून सांगत राहिली. खोबरं किती, धणे किती, लवंग कधी. "रंग सांग माका. सोन्यासारखो झालो काय? मगे उतर." मी रंग सांगत होते, ती मान डोलवत होती. टोपाला वाफ आली. मी सवयीने चमच्यात रस्सा घेतला आणि तिने माझ्या हातावर चापट मारली.

"नैवेद्य चाखूचो नसता!"

"मग मीठ कसं कळणार? मला तुमच्यासारखं वासावर नाही कळत."

सासूने विचार केला. मग दाराकडे बघून हाक मारली, "पावण्या! ये रे मेल्या."

भक्त श्वान भक्तांना आडवे करत आत आला.

"आई, देवाच्या आधी कुत्र्याला?" जयवंत कळवळला.

"माणसान चाखूचा नसता. कुत्र्याचा खय लिवलेला हा?"

मी वाटीत थोडं मटण काढलं, फुंकून गार केलं आणि खाली ठेवलं. इतका जीव माझा पोस्टाच्या परीक्षेलाही टांगणीला लागला नव्हता. सगळी गॅलरी खिडकीतून वाकून बघत होती.

मफिनने हुंगलं. एकदा माझ्याकडे बघितलं. मग तोंड घातलं. वाटी क्षणात रिकामी झाली. ती वाटी चाटत तो मोरीपर्यंत ढकलत गेला, तिथून परत आणली आणि माझ्या पायाजवळ टाकून भुंकला. त्याला आणखी हवं होतं. भावोजी म्हणाले, "बेटा, असं मागायचं नसतं."

गौर जेवली. उशिरा जेवली, पण जेवली. या वेळी मफिनला स्वप्नील मिठी मारून बसला होता. मग आमची पानं वाढली. भावोजींनी पहिला घास घेतला. नंतर नुसती वाटी पुढे केली. कौतुक नाही, 'वहिनी' नाही, फक्त वाटी.

सासूनेही घास घेतला. सावकाश चावला. मी तिच्याकडे बघत होते आणि मला माहीत होतं की तिला काही लागत नाहीये. माती खाल्ली असती तरी तेवढंच लागलं असतं. तिने घास गिळला आणि ताटाबाहेर बघितलं. तिच्या शेजारी मफिन बसला होता, लाळ गाळत, डोळे तिच्या बोटांवर. तिने एक तुकडा त्याला दिला आणि तो खाताना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग दुसरा दिला. मग तिसरा.

"आई, तुम्ही जेवा ना," मी म्हणाले.

"जेवतंय गो," ती म्हणाली. "माका काय कळणा नाय. ह्येच्या तोंडार दिसता." आणि तिने चौथा तुकडा उचलला.